सात आवर्तनांची शंका : व्हीझेड कॅन्क्री ताऱ्याच्या एका क्षीण आंदोलनाचे प्रकरण

पुष्य आणि आश्लेषा या नक्षत्रांच्या मधल्या आकाशात, आश्लेषेपासून सुमारे चार अंश उत्तरेला, व्हीझेड कॅन्क्री नावाचा एक स्पंदी रूपविकारी तारा, म्हणजे आकुंचन-प्रसरणामुळे तेज बदलणारा तारा आहे. त्याची दृश्य प्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ७.१८ ते ७.९१ या मर्यादेत बदलते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना तो कधीच दिसत नाही, पण साध्या दुर्बिणीतून सहज सापडतो. तो डेल्टा स्क्यूटी वर्गातला असून त्याचे मुख्य आंदोलन ०.१७८३६ दिवसात, म्हणजे ४ तास १७ मिनिटांत एकदा पूर्ण होते. या मुख्य आंदोलनाच्या आड दुसरे, बरेच क्षीण आंदोलन दडलेले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावाच्या वावरातून, कॅमेरा आणि भिंग एवढ्याच साहित्यावर, ते दुसरे आंदोलन शोधून सिद्ध करता येईल का, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

काम एका पदवीच्या विद्यार्थिनीने प्रकल्प म्हणून घेतले होते आणि मी तिचा मार्गदर्शक होतो. या ताऱ्याबद्दल आधी छापून आलेले आकडे तिने विश्लेषण पूर्ण होईपर्यंत पाहायचे नाहीत, असे आम्ही सुरुवातीलाच ठरवले. उत्तर माहीत असले की आलेखातल्या हव्या त्या शिखरावर नजर जाऊन बसते, आणि क्षीण आंदोलनांच्या अभ्यासात यापेक्षा मोठा धोका दुसरा नाही.

जागा आणि साधने

विदर्भातून निरीक्षणासाठी हा तारा निवडण्यामागे एक साधे कारण होते. सूर्य पुष्य-आश्लेषा नक्षत्रांत येतो तो जुलैच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. शेतकरी ज्याला पुष्याचा आणि आश्लेषेचा पाऊस म्हणतात, तोच हा काळ. ढगाळ महिन्यांत तारा तसाही सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो, त्यामुळे पावसाळ्याने आपले काहीच हिरावले जात नाही. उलट जानेवारीच्या अखेरीस तो मध्यरात्री मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर येतो आणि आपल्या अक्षांशावरून क्षितिजापासून सुमारे ७९ अंश उंच जातो, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. आकाश सर्वांत कोरडे आणि रात्र लांब असते तेव्हाच हा तारा आठ-आठ तास हाती लागतो.

साधन म्हणून डीएसएलआर कॅमेरा, २०० मिलिमीटरचे भिंग आणि ताऱ्यांच्या गतीने फिरणारी एक लहान बैठक वापरली. प्रत्येक चित्र वीस सेकंदांचे घेतले आणि त्यातला फक्त हिरव्या रंगाचा भाग मोजणीसाठी ठेवला, कारण तो दृश्य प्रतीच्या मापनाला सर्वांत जवळचा असतो. भिंगाचा फोकस मुद्दाम किंचित बिघडवला होता, जेणेकरून ताऱ्याचा प्रकाश एका-दोन बिंदूंवर न साचता बऱ्याच बिंदूंवर पसरेल आणि एखाद्या बिंदूच्या दोषाने मोजणी फसणार नाही. वातावरणामुळे होणारी लुकलुक लहान भिंगाला अधिक जाचते; म्हणून लागोपाठच्या दहा-दहा चित्रांची सरासरी घेऊन एक मापन धरले.

वेळेच्या बाबतीत मात्र आम्ही अधिक काटेकोर राहिलो. कॅमेऱ्याचे घड्याळ हळूहळू सरकते, म्हणून दर रात्री सुरुवातीला आणि शेवटी मोबाइलच्या पडद्यावर उपग्रहावरून मिळणारी वेळ सेकंदासह उघडून त्याच कॅमेऱ्याने तिचे चित्र घेतले आणि फरक वहीत नोंदवला. त्याशिवाय प्रत्येक वेळ सूर्याच्या ठिकाणाहून पाहिल्यासारखी दुरुस्त केली. हा तारा क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेपासून फार दूर नाही. पृथ्वी आपल्या कक्षेत फिरताना त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत कधी आठ मिनिटे लवकर, तर कधी आठ मिनिटे उशिरा पोहोचतो. चार तासांच्या आंदोलनात आठ मिनिटे म्हणजे तीन टक्के होतात, आणि पुढे या प्रकरणाचा निकाल ज्या मोजणीवर लागला तिथे हा फरक सोडून देणे परवडणारे नव्हते.

शंका कशी उभी राहिली

कोणत्या वारंवारतेचे आंदोलन किती जोरदार आहे हे वारंवारता-आलेखातल्या शिखरांवरून कळते. त्यात मुख्य आंदोलन पहिल्या आठवड्यातच स्वच्छ दिसले : दिवसाला ५.६०७ आवर्तने. त्याच्या दुप्पट वारंवारतेलाही शिखर होते. ते अपेक्षितच होते, कारण असा तारा झपाट्याने उजळतो आणि सावकाश मंदावतो, आणि अशा असमान वक्राच्या वर्णनासाठी दुप्पट वारंवारतेची जोड लागतेच.

पण विद्यार्थिनीच्या लक्षात एक वेगळीच गोष्ट आली. उजळण्याची सगळी शिखरे सारख्या उंचीची नव्हती. मुख्य आंदोलन दिवसाला साडेपाचपेक्षा थोडे जास्त असल्यामुळे त्याचे शिखर दर रात्री घड्याळातल्या वेगळ्या वेळेला पडते. तिने प्रत्येक शिखराची उंची त्याच्या घड्याळातल्या वेळेसमोर मांडली तेव्हा दिसले की रात्रीच्या एका ठराविक सुमारास येणारी शिखरे नेमाने उंच, आणि त्यानंतर पावणेदोन तासांनी येणारी नेमाने बुटकी आहेत. मुख्य आंदोलन वजा करून उरलेल्या आकड्यांचा वारंवारता-आलेख काढला, तर दिवसाला सहा, सात आणि आठ आवर्तनांच्या अगदी जवळ तीन शिखरे उभी होती आणि त्यांत सातचे सर्वांत उंच होते.

पूर्णांकाला चिकटून बसलेले शिखर पाहिले की निरीक्षकाने सावध व्हावे, हा या कामातला जुना संकेत आहे आणि तो रास्त आहे. दररोज त्याच वेळेला पुन्हा घडणारी कोणतीही स्थानिक गोष्ट आलेखात एक, दोन, तीन अशा पूर्णांक वारंवारतांच्या रूपाने उतरते. तिचा आकार ओबडधोबड असेल तर सातपर्यंतही पोहोचते. आणि आमच्या गावात घड्याळाला बांधलेल्या गोष्टी भरपूर होत्या. संध्याकाळी चुलींचा धूर वावरांवर आडवा पसरतो. कापूस निघाल्यावर पऱ्हाटी पेटवली जाते, तिचा धूर रात्री उशिरापर्यंत टिकतो. शेतीपंपांना वीज पाळीने मिळते. रात्रीची पाळी असली की विहिरीवरचे बल्ब एकदम लागतात, गहू-हरभऱ्याचे ओलित सुरू होते, आणि थोड्या वेळाने ओल्या जमिनीवर धुक्याचा पातळ थर उतरतो. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला जागलीवर बसलेले लोक अधूनमधून टॉर्चचा झोत फिरवतात. शेजारच्या वावराचे मालक तर आमच्या कामात मनापासून सामील झाले होते. धुऱ्यावर उभे राहून ते आधीच सांगून जात, "लाइन आज रातची हाय जी, दहाले येते. बलप मी बंदच ठेवतो, पण मोटर चालू राहीन." त्यांच्या या सूचना वहीत वेळेसह लिहिलेल्या होत्या, आणि पुढे त्या फार उपयोगी पडल्या.

तेव्हा सातचे शिखर ताऱ्याचे की गावाचे, हा प्रश्न उभा राहिला. ते लगेच टाकून देणे सोपे होते आणि तसे केले असते तर कोणी दोषही दिला नसता. पण माझे मत असे आहे की पुराव्याशिवाय शिखर स्वीकारणे जितके चुकीचे, तितकेच पुराव्याशिवाय ते फेटाळणेही चुकीचे आहे. निसर्गाला आपल्या चोवीस तासांशी काही देणेघेणे नाही. एखाद्या ताऱ्याची वारंवारता योगायोगाने सातच्या जवळ असू शकते.

तुलनाताऱ्याचा रंग

पहिली तपासणी तुलनाताऱ्याची केली. ताऱ्याची प्रत आपण थेट मोजत नाही. त्याच चित्रातल्या स्थिर ताऱ्याशी तुलना करून काढतो, म्हणजे धूर किंवा धुके दोघांनाही सारखेच मंद करते आणि फरक तसाच राहतो. पण हे पूर्ण खरे नाही. वातावरण निळा प्रकाश अधिक अडवते आणि तांबडा कमी. व्हीझेड कॅन्क्री पांढरट आहे. आम्ही सोयीसाठी निवडलेला तेजस्वी तुलनातारा नारिंगी होता. दोघे क्षितिजाजवळ असताना पांढरा तारा अधिक मंदावतो आणि डोक्यावर आल्यावर हा फरक कमी होतो. परिणामी तारा न बदलताही रात्रभरात एक सौम्य कमान तयार होते.

हे तपासण्यासाठी तिसरा, स्थिर असा पडताळणी तारा घेतला आणि त्याच्यावर तीच सगळी प्रक्रिया केली. त्याच्या आलेखात एक आणि दोन आवर्तनांजवळ स्पष्ट उंचवटे मिळाले, मात्र सातजवळ काही मिळाले नाही. नंतर नारिंगी तारा सोडून रंगाने जवळचा, थोडा मंद तुलनातारा घेऊन सगळी चित्रे पुन्हा मोजली. पडताळणी ताऱ्याचे उंचवटे जवळजवळ मावळले. व्हीझेड कॅन्क्रीचे सातचे शिखर मात्र तिळमात्र हलले नाही. वीज रात्रीची असलेले आणि दिवसाची असलेले आठवडे वेगळे काढून पाहिले, तरी दोन्हींत ते तेवढेच उंच होते. वहीतल्या नोंदींशिवाय ही विभागणी करता आली नसती.

तीन वेग

या प्रकरणातली सर्वांत निर्णायक तपासणी मला वाटते ती पुढची, आणि तिच्यासाठी नव्या साधनाची नव्हे, फक्त लांब हंगामाची गरज होती. सातचे शिखर तीन कारणांनी येऊ शकते, आणि तिन्ही कारणे हंगामभरात वेगवेगळ्या वेगाने सरकतात.

कारण घड्याळाला बांधलेले असेल, म्हणजे विजेची पाळी, चुली, दिवे यांतले काही असेल, तर डिसेंबरात ज्या वेळेला उंची दिसते त्याच वेळेला ती मार्चातही दिसली पाहिजे. कारण ताऱ्याच्या आकाशातल्या उंचीशी, म्हणजे वातावरणाच्या जाडीशी बांधलेले असेल, तर ते ताऱ्याच्या उगवण्याबरोबर रोज सुमारे चार मिनिटे अलीकडे सरकेल. शंभर दिवसांत साडेसहा तास. आणि ते खरोखर ताऱ्याचे आंदोलन असेल, तर त्याची वारंवारता सातच्या जवळ असली तरी नेमकी सात असण्याचे कारण नाही. ते स्वतःच्या वेगाने, या दोन्हींपेक्षा वेगळे सरकेल.

हंगामातली निरीक्षणे चार गटांत विभागली. प्रत्येक गटात मुख्य आंदोलन, त्याची दुप्पट वारंवारता आणि सातजवळचे आंदोलन एकाच वेळी बसवून शेवटच्याचे शिखर घड्याळात कुठे येते ते काढले. गट सुटेसुटे बसवले तर थोड्या रात्रींच्या गटात मुख्य आंदोलनाचा अंश दुसऱ्यात झिरपतो, म्हणून मुख्य वारंवारता सर्व गटांसाठी समान ठेवली. निकाल असा आला की शिखर एका दिशेने, गटागणिक अलीकडे सरकत होते, आणि सरकण्याचा वेग रोज सुमारे अर्धा मिनिट होता. शंभर दिवसांत ते जवळजवळ एक तास अलीकडे येते. घड्याळाचा वेग शून्य, आकाशाचा चार मिनिटे, आणि याचा अर्धे मिनिट. अर्ध्या मिनिटाच्या वेगाने सरकणारी कोणतीही गोष्ट आमच्या गावात नाही.

त्यावरून वारंवारता दिवसाला ७.००२ ते ७.००३ अशी आली, म्हणजे या आंदोलनाला ३ तास २६ मिनिटांपेक्षा किंचित कमी वेळ लागतो. सहा आणि आठजवळची शिखरे ही दिवसा निरीक्षण न होण्यामुळे पडणारी याचीच प्रतिबिंबे ठरली. सर्वांत लांब रात्रींवर भर दिला तेव्हा ती सातच्या तुलनेत आणखी खुजी झाली.

ताऱ्याच्या आतून मिळालेला पुरावा

एवढ्यावर थांबता आले असते, पण आणखी दोन धागे तपासले. ताऱ्यात खरोखर दोन आंदोलने एकत्र नांदत असतील तर ती एकमेकांना स्पर्श न करता राहत नाहीत. दोन्हींच्या बेरजेची आणि वजाबाकीची वारंवारताही क्षीणपणे उमटते. गावातल्या धुराला ताऱ्याचे मुख्य आंदोलन ठाऊक नसते, म्हणून त्याच्यामुळे अशी बेरीज तयार होऊ शकत नाही. वजाबाकी १.३९६ येते, पण आलेखाचा हा भाग वातावरणाच्या सावकाश बदलांनी गढूळ असतो, त्यामुळे तिथे मिळालेल्या शिखरावर आम्ही भार टाकला नाही. बेरीज १२.६०९ येते; हा भाग स्वच्छ आहे आणि कोणत्याही पूर्णांकापासून दूर आहे. तिथे शिखर मिळाले. मिशेल ब्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली सुचवलेला, आजही सर्वत्र वापरला जाणारा दंडक असा की शिखराची उंची आजूबाजूच्या गोंगाटाच्या किमान चौपट असली तरच ते खरे मानावे. बेरजेचे शिखर हा दंडक ओलांडत होते, फार मोठ्या फरकाने नव्हे, पण ओलांडत होते.

दुसरा धागा कालावधींच्या गुणोत्तराचा. डेल्टा स्क्यूटी तारे स्पंदतात त्याचे मूळ त्यांच्या बाहेरील थरांतल्या हेलियमात असते. सुमारे चाळीस ते पन्नास हजार अंश तापमानाच्या थरात हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन सुटत असतो. तारा आकुंचन पावला की हा थर अधिक अपारदर्शक होतो, आतून येणारी उष्णता अडवून धरतो, ढकलला जाऊन प्रसरण पावतो, मग पारदर्शक होऊन उष्णता सोडतो आणि पुन्हा बसतो. या इंजिनावर तारा एकाहून अधिक स्वरांत स्पंदू शकतो. तंबोऱ्याच्या तारेत दुसऱ्या स्वराचा कालावधी पहिल्याच्या बरोबर निम्मा असतो. ताऱ्याची घनता केंद्राकडे प्रचंड वाढत जात असल्यामुळे तिथे हे प्रमाण वेगळे पडते. या वर्गात मूळ स्वर आणि पहिला ओव्हरटोन (मूळ स्वराच्या लगतचा वरचा स्वर) यांच्या कालावधींचे गुणोत्तर ०.७७ च्या आसपास, तर पहिला आणि दुसरा ओव्हरटोन यांचे ०.८० च्या आसपास येते.

आमचे गुणोत्तर ०.८००६ आले. म्हणजे हा तारा मूळ स्वर सोडून पहिल्या आणि दुसऱ्या ओव्हरटोनमध्ये स्पंदतो, असा अर्थ निघतो. तुलनेसाठी सहा आणि आठजवळची प्रतिबिंबे खरी धरून पाहिली तर गुणोत्तरे ०.९३ आणि ०.७० येतात, आणि ती कोणत्याही त्रिज्य, म्हणजे सर्व बाजूंनी सारख्याच फुगण्या-बसण्याच्या स्वरांच्या जोडीत बसत नाहीत. हा पुरावा मी दुय्यम मानतो, कारण ताऱ्याचा पृष्ठभाग एकीकडे फुगत आणि दुसरीकडे बसत असेल, तर गुणोत्तर कोणतेही येऊ शकते. पण स्वतंत्रपणे ठरलेला आकडा सिद्धान्ताच्या जागी येऊन बसतो, तेव्हा त्याला वजन असतेच.

यानंतरच विद्यार्थिनीने जुने निबंध उघडले. वॉल्टर फिच यांनी १९५५ साली या ताऱ्याचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्याच्या वक्राचा आकार सुमारे ०.७१६ दिवसाने पुन्हा जुळून येतो हे जाणकारांना तेव्हापासून ठाऊक आहे. आमच्या दोन वारंवारतांमधला फरक १.३९६ आहे; एकाला त्याने भागले की ०.७१६ येते.

काय सिद्ध झाले नाही

दोन्ही आंदोलने आणि त्यांच्या जोड्या वजा केल्यावर उरलेल्या आकड्यांत आणखी काही बारीक शिखरे होती. त्यांतले एक विद्यार्थिनीला फार मोहक वाटत होते. परंतु ते गोंगाटाच्या तिप्पटच होते, आणि हंगामाचा पहिला अर्धा भाग वेगळा काढला तर दिसतच नव्हते. ते अहवालात घेतले नाही. नैनीतालला १९९७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या सहकार्याने सुरू झालेल्या सर्वेक्षणात एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीने काही मिनिटांत पूर्ण होणारी आणि प्रतीच्या हजारांश भागांत मोजावी लागणारी आंदोलने शोधली गेली. तसली अचूकता कॅमेऱ्याच्या भिंगाकडून मागणे अन्यायाचे आहे. साधनाची पोहोच जिथे संपते, तिथे दावाही संपला पाहिजे.

एक अडचण साधनाने नव्हे, भूगोलाने घातलेली आहे. यवतमाळचे रेखांश सुमारे ७८ अंश पूर्व. नैनीताल ७९.५, लडाखमधले हान्ले ७९, तमिळनाडूतले कवलूर ७८.८ : देशातल्या प्रमुख वेधशाळा जवळजवळ एकाच उभ्या रेषेवर आहेत. या सगळ्यांनी मिळून हा तारा पाहिला तरी दिवसाची पोकळी तशीच राहते, कारण सर्वांकडे एकाच वेळी उजाडते. सात आवर्तनांच्या ताऱ्याला खरी मदत करू शकतो तो रेखांशाने दूर असलेला निरीक्षक. आपल्याकडे तारा पश्चिमेला कलू लागतो तेव्हा दक्षिण आफ्रिकेत तो चांगला वर असतो. दोघांच्या सामाईक तासांत उंचसखलपणा सारखाच दिसला तर स्थानिक कारणाचा प्रश्नच उरत नाही, आणि त्यांचे पुढचे तास आपली पोकळी काही प्रमाणात भरतात. १९८८ पासून व्होल अर्थ टेलिस्कोप या उपक्रमाने हेच तत्त्व जगभरच्या दुर्बिणी जोडून वापरले.

पुढच्या हंगामासाठी त्यानुसार ठरले आहे. मुख्य वेध जानेवारीतच घ्यायचे. तुलनातारा आणि पडताळणी तारा यंदाचेच ठेवायचे. मोजलेले आकडे रूपविकारी ताऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संग्रहात तुलनाताऱ्याच्या नावासह आणि वेळेच्या दुरुस्तीच्या उल्लेखासह द्यायचे, म्हणजे दूरच्या रेखांशावरच्या कोणालाही ते आपल्या आकड्यांशी जोडता येतील. विजेच्या पाळीचे वेळापत्रक वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवायचे, आणि शिखर रोज अर्ध्या मिनिटाने सरकण्याचा हिशेब दुसऱ्या हंगामाच्या आकड्यांवर पुन्हा तपासायचा.